सेकंडहँड गाडीची पहिली मोठी सर्व्हिस कशी आखायची

जुलै २०२३ मध्ये मी नाशिकहून २०१६ ची डिझेल डस्टर घेतली. मीटरवर ५८,००० किलोमीटर. एजंट म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे. क्लिनिक ते घर, बस. ऑइल बदला आणि चालवा." पुण्यात आणल्यावर आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टरवरची धूळ फडक्याने पुसली आणि विचारलं, "ताई, मीटरवर किती म्हणालात?" फिल्टरच्या डब्यावर काळ्या मार्करने लिहिलं होतं: १४/६/१९ आणि खाली ७१४००.

म्हणजे चार वर्षांत गाडी तेरा हजार किलोमीटर मागे आली होती.

एजंटने त्यानंतर फोन उचलला नाही. त्याच्यामागे लागायला मला वेळही नव्हता, कारण सप्टेंबरात गणपतीला चिपळूणला जायचं होतं, कुंभार्ली घाटातून, मागच्या सीटवर आई-बाबांना घेऊन. हातात जेमतेम दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. माझी गाडी डिझेल आहे, पण पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

पुढचं सगळं एकाच नियमावर चालतं: ज्या कामाचा कागद नाही, ते काम झालेलंच नाही असं धरायचं. जुना मालक कितीही सज्जन असला तरी.

१. पाना हातात घेण्याआधी कागद गोळा करा

गॅरेजला जाण्याआधी एका फायलीत हे सगळं ठेवा:

- आरसी. इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही लागतात. पार्ट मागवताना चासी नंबरच कामाला येतो.
- सर्व्हिस बुकलेट आणि जुन्या मालकाकडची सगळी बिलं, अगदी चुरगळलेलीसुद्धा.
- गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतं.
- विमा पॉलिसी आणि पीयूसी.
- बॅटरी आणि टायरची वॉरंटी कार्डं.
- दोन्ही किल्ल्या, अलॉय व्हीलला लॉक नट असतील तर त्याचा सॉकेट आणि म्युझिक सिस्टिमचा कोड.

शेवटच्या ओळीवर हसू नका. बॅटरी काढून परत लावली की काही गाड्यांची म्युझिक सिस्टिम चार आकडी कोड मागते. माझ्या गाडीने मागितला. तो एका कार्डावर होता आणि ते कार्ड नाशिकला कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. लॉक नटचा सॉकेट नसेल तर चाक काढायला मेकॅनिक छिन्नी-हातोडा घेतो आणि मग अलॉयवर ओरखडे येतात. व्यवहाराच्या दिवशी विक्रेता खुशीत असतो, तेव्हाच या वस्तू मागून घ्या.

विम्याचं वेगळं सांगते. कायद्याप्रमाणे गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. सर्व्हिसशी याचा काय संबंध? गॅरेजचा माणूस ट्रायलला गाडी रस्त्यावर काढणार आहे. काही झालं आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. तेवढा फरक भरायची तयारी ठेवा.

२. मीटरवरचा आकडा तपासा

हे खरं तर घेण्याआधी करायचं काम. मी नंतर केलं. तुम्ही आधी करा.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी घेऊन जा आणि गाडीचा इतिहास विचारा. तिथे झालेल्या सर्व्हिसच्या नोंदी त्यांच्या सिस्टिममध्ये किलोमीटरसह असतात. माझ्या गाडीची शेवटची नोंद डिसेंबर २०१८ ची निघाली, ६४,२०० किलोमीटरवर. अडीच वर्षांत ६४ हजार. डॉक्टरांचं क्लिनिक बहुधा सुरतेत असावं.

नोंदी मिळाल्या नाहीत तर गाडीच सांगते, फक्त बघावं लागतं:

- ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतंय ४० हजार? जमत नाही.
- स्टिअरिंगवर हात असतो ती जागा आणि गिअरची मूठ चकचकीत झालीय का?
- बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचं स्टिकर आहे का? एजंट मीटर बदलतात, पण स्टिकर काढायला विसरतात.
- एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि बॅटरीवर मार्करने लिहिलेलं काही दिसतं का?
- टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. २०१६ ची गाडी, ४५ हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२१ चे असतील, तर पहिले टायर कुठे आणि किती फिरले, हे विचारा.

खरा आकडा नक्की कधीच कळणार नाही. मी ढोबळ अंदाजाने १,१५,००० धरला आणि पुढचं सगळं नियोजन त्यावर केलं. जास्त धरून चुकलात तर थोडे पैसे जातील. कमी धरून चुकलात तर काय जातं ते पाचव्या पायरीत सांगते.

३. मॅन्युअलमधलं वेळापत्रक वाचा, पण योग्य रकान्यातलं

मॅन्युअलच्या शेवटी देखभालीचा तक्ता असतो. त्यात दोन गोष्टी लोक हमखास चुकवतात.

पहिली: प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने दोन्ही लिहिलेले असतात आणि अट असते "जे आधी होईल ते". आपण फक्त किलोमीटर वाचतो. गाडी उभी राहिली तरी रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, कूलंटमधली, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली, गंज थांबवणारी द्रव्यं संपतात. सेकंडहँड बाजारात "कमी चाललेली" म्हणून जास्त भावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये हीच कामं राहिलेली असतात.

दुसरी: बहुतेक मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो. धूळ, सतत ट्रॅफिक, पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या, डोंगराळ रस्ते. आपल्याला वाटतं हे वाळवंटातल्या जीपसाठी असेल. हिंजवडीला रोज जाणाऱ्याने हाच तक्ता वापरावा.

आणि तक्ता तुमच्याच इंजिनाचा असल्याची खात्री करा. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल, डिझेल, मॅन्युअल, ऑटोमॅटिक असे चार प्रकार असतात. यूट्यूबवरच्या कुणाची तरी गाडी दिसायला तुमच्यासारखी असली म्हणजे आतून तशीच असेल असं नाही.

४. कामांचे तीन ढीग करा

सगळं एकदम करायला गेलात तर एस्टिमेट बघून हात थरथरतात आणि मग माणूस नेमकं महत्त्वाचं काम कापतो. म्हणून ढीग करा.

पहिला ढीग: जे बिघडलं तर जीव जाईल किंवा इंजिन जाईल. टायमिंग बेल्ट, ब्रेक, ब्रेक ऑइल, टायर, स्टिअरिंगचे जोड, कूलंट, इंजिन ऑइल.

दुसरा ढीग: जे महिन्या-दोन महिन्यांत केलं तरी चालेल. गिअर ऑइल, सस्पेन्शनचे बुश (जोडांमधली रबरं), पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, बॅटरी.

तिसरा ढीग: जे आपल्या समाधानासाठी. डेंट, सीट कव्हर, एसीच्या कुबट वासाची साफसफाई, खरखरणारे स्पीकर.

आमच्या घरी तिसऱ्या ढिगापासून सुरुवात करायचा आग्रह होता, कारण बाबांना बंपरवरचा ओरखडा सहन होत नव्हता. तो ओरखडा आजही आहे.

पैशाचं म्हणाल तर गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या सर्व्हिससाठी बाजूला काढा आणि तेवढी कमी करून गाडीचा सौदा करा. गाडी घेतानाच खिसा रिकामा झाला असेल, तर थोडी स्वस्त गाडी घ्यायला हवी होती.

५. टायमिंग बेल्ट: यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

इंजिनात वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना चुकवत वर-खाली होतात. त्यांचा ताल सांभाळतो टायमिंग बेल्ट किंवा चेन. बेल्ट म्हणजे आतून दाते असलेला रबरी पट्टा. तो चालत्या गाडीत तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो, वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. जुन्या गाडीत तो खर्च कधीकधी गाडी विकून टाकावी इतका होतो. आणि बेल्ट आधी सांगत नाही. आवाज नाही, दिवा नाही, पिकअप कमी होणं नाही.

म्हणून पहिला प्रश्न: तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन? मारुतीच्या के-सिरीज पेट्रोलमध्ये चेन आहे, स्विफ्ट-डिझायरमधल्या १.३ डिझेलमध्येही चेन. डस्टर आणि टेरानोच्या १.५ डिझेलमध्ये बेल्ट. पोलोच्या १.५ डिझेलमध्ये, इकोस्पोर्टच्या १.५ डिझेलमध्ये, जुन्या २.५ लिटर इनोव्हात, सँट्रो झिंगमध्ये बेल्ट. चेन असेल तर ठरावीक अंतरावर बदलायची नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर तीही ढिली पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते का ते कान देऊन ऐका.

माझा बेल्ट वरून छान दिसत होता. मिस्त्रींनी वरचं प्लॅस्टिकचं कव्हर सैल करून मोबाइलच्या टॉर्चने दाखवला: काळाभोर, तेलाचा थेंब नाही. मी मनात पंधरा हजार वाचवलेसुद्धा. पण काढल्यावर त्यांनी तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून उलटा वाकवला. दोन दातांच्या मधल्या खाचेत केसाएवढी चीर उघडली. मग पुढच्या खाचेत, मग त्याच्या पुढच्या. बाहेर बेल्टवर छापलेली अक्षरं पूर्ण पुसली गेली होती. सात वर्षांचा, मूळचाच बेल्ट. मीटरवरच्या ५८ हजारांवर विसंबले असते तर हा बदलायची वेळ अजून यायची होती.

बेल्ट बदलताना या चुका होऊ देऊ नका:

फक्त बेल्ट बदलू नका. पूर्ण किट घ्या, त्यात टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि पुली असतात. टेन्शनरचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही आत्ताच बदला. पंप गळायला लागला तर हेच सगळं पुन्हा उघडावं लागेल आणि लेबर दुसऱ्यांदा द्यावं लागेल.

बाहेरचा फॅन बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी चालवणारा, त्याच वेळी बदला. तो उसवून त्याचे धागे टायमिंग कव्हरच्या आत ओढले गेले, तर नवा टायमिंग बेल्टही दात सोडतो.

मेकॅनिकला विचारा, "या इंजिनाची लॉकिंग पिन तुमच्याकडे आहे का?" क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) त्या पिनने जागच्या जागी पक्के धरून बेल्ट चढवायचा असतो. "आम्ही पेंटने खूण करतो, आजवर काही झालं नाही" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.

आणि काम झाल्यावर जुना बेल्ट, टेन्शनर, पंप मागून घ्या. माझा बेल्ट अजून डिकीत आहे. कुणी "डस्टर कशी आहे?" विचारलं की वाकवून दाखवते.

६. तेलं, कूलंट, ब्रेक ऑइल

इंजिन ऑइलमध्ये फक्त ५डब्ल्यू-३० सारखा, तेल किती पातळ ते सांगणारा आकडा बघून चालत नाही. मॅन्युअलमध्ये त्यासोबत दर्जाही दिलेला असतो, एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) या संस्थांचा. डब्याच्या मागे तो छापलेला असतो, तो जुळवा. इतिहास माहीत नसलेल्या गाडीत मी म्हणेन की पहिलं ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, आणि दुसऱ्यांदा पूर्ण दहा हजारांची वाट न बघता चार-पाच हजारांवर बदला. आतला जुना गाळ त्यात निघून येतो. काउंटरवर "इंजिन फ्लश" नावाची बाटली सुचवतील. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर उपचार रोगापेक्षा महाग पडतो. मी नाही म्हणाले.

कूलंटचा रंग बघून काही ठरवू नका. हिरवं, गुलाबी, निळं हा कंपनीने घातलेला रंग असतो. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर कधीकधी त्यांचा चोथा होतो. जुनं पूर्ण काढा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जातीचं भरा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने केटलीचं काय होतं ते आठवा. माझ्या गाडीच्या कूलंटच्या टाकीतलं पाणी फिकट चहासारखं होतं. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, "जरा बघूया" म्हणूनसुद्धा नाही.

ब्रेक ऑइलकडे बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी शोषलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ जातीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. कुंभार्लीसारख्या उतारावर सतत ब्रेक दाबत गेलात की चाकाशी तेवढी उष्णता तयार होते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं हे तेल माझ्या गाडीत तळाला काळपट झालं होतं. चारही चाकांतून जुनं काढून नवं भरायला गॅरेजमध्ये तासभर लागला आणि पूर्ण सर्व्हिसमधलं ते सगळ्यात स्वस्त काम होतं. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे याच तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर तोही सोबत करून घ्या.

गिअर ऑइल "लाइफटाइम आहे" असं ऐकाल. कुणाच्या लाइफटाइमचं, ते विचारा. ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) गाडीत मात्र कंपनीने सांगितलेलंच तेल आणि तेच काम रोज करणारा माणूस. तिथे प्रयोग नको.

पेट्रोलवाल्यांनो: साधे स्पार्क प्लग ३० ते ४० हजारांवर बदलतात, इरिडियम बरेच जास्त टिकतात, कोणते आहेत ते एक काढूनच कळेल. सीएनजीवाल्यांनो: सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. पट्टीवरची तारीख उलटून गेली असेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात आणि त्यांचं बरोबर आहे. डिझेलवाल्यांनी फिल्टर बदलताना तळाशी साठलेलं पाणी दाखवायला सांगावं.

७. ब्रेक, टायर, खालची बाजू

गाडी रॅम्पवर चढवायला लावा आणि स्वतः खाली उभ्या राहा, राहा म्हणजे राहाच. ऑफिसच्या केबिनमधून काचेआडून बघण्यात अर्थ नाही. लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांडीचे) बुश फाटलेत का, ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुटातून ग्रीस उडालंय का, शॉक अब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का, एवढं टॉर्चने दाखवलं की कुणालाही दिसतं.

जाण्याआधी एक सूचना द्या: "इंजिन धुऊ नका." धुतलं आणि वर चकाकी मारली की गळतीच्या खुणा गायब. आधी तपासणी, मग धुणं.

टायरची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण पावसाळ्यात मी इतकी वाट बघणार नाही. खाचा भरपूर आणि कडेला बारीक तडे, असा टायर म्हातारा समजा. स्टेपनी विसरू नका. माझी २०१६ सालची होती, एकदाही न वापरलेली, आणि दगडासारखी कडक.

मागे ड्रम ब्रेक असतील तर उघडून आतली धूळ काढून लाइनर बघायला सांगा. "मागचे चालतात" हे न उघडता दिलेलं उत्तर असतं.

८. गॅरेजवाल्याशी बोलणं

वॉरंटी संपलेल्या गाडीला अधिकृत सेंटरच हवं असं नाही. मी कामं वाटून घेतली: माझ्या चासी नंबरवर कंपनीने परत बोलावलेलं एखादं काम बाकी आहे का, ते सेंटरमध्ये विचारलं, कारण ते काम फुकट होतं आणि मालक बदलला म्हणून हक्क जात नाही. बाकी मोठं काम ओळखीच्या मिस्त्रींकडे.

त्याआधी एका दुसऱ्या गॅरेजला गेले होते. गाडी माझी, प्रश्न मी विचारत होते, आणि एस्टिमेट बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते न वाचता माझ्याकडे सरकवलं. त्यात टायमिंग बेल्ट नव्हता, पण अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन आणि एसी सॅनिटायझेशन होतं. असं एस्टिमेट आलं की काय समजायचं ते तुम्हाला आता कळतंय.

एस्टिमेट लेखी घ्या, प्रत्येक पार्ट आणि लेबर वेगळं. पार्टचा नंबर लिहून घ्या. आणि हे वाक्य जॉब कार्डवर लिहायला लावा: "फोन करून विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये. जुने पार्ट परत द्यावेत."

पार्ट स्वतः आणायचे असतील तर पुण्यात नाना पेठ आहेच. चासी नंबर आणि शक्य असेल तर जुना पार्ट सोबत न्या. कंपनीच्या खोक्यातला आणि कंपनीला तो पार्ट पुरवणाऱ्याच्या खोक्यातला माल पुष्कळदा सारखा असतो आणि किमतीत बराच फरक. पण ब्रेक पॅड, बेल्ट आणि फिल्टर यांत डुप्लिकेट खूप आहेत. एमआरपीच्या निम्म्यात बेल्ट मिळतोय म्हणजे दुकानदाराला तुमच्याबद्दल अचानक प्रेम वाटलेलं नाही. आणि आधी मिस्त्रींना विचारा. स्वतः आणलेल्या पार्टची जबाबदारी बरेच जण घेत नाहीत आणि तेही रास्त आहे.

९. गाडी परत घेताना आणि नंतरचे ५०० किलोमीटर

संध्याकाळी सातला, गर्दीत, पावसात गाडी ताब्यात घेऊ नका. सकाळी जा. ऑइलची काडी स्वतः काढून बघा, कूलंटची पातळी बघा, मग मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक. गाडी एका बाजूला ओढते का?

पहिल्या रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी काळा-तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल, रंगीत आणि चिकट असेल तर कूलंट, नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नाही. माझ्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा गुलाबी डाग पडला. नव्या पंपापाशी होजची क्लिप सैल राहिली होती. पाच मिनिटांचं काम, पण घाटात कळलं असतं तर आम्ही कुंभार्लीच्या वळणावर पाण्याच्या बाटल्या गोळा करत बसलो असतो.

लांबच्या प्रवासाला लगेच निघू नका. आधी शहरात आणि जवळपास चारशे-पाचशे किलोमीटर चालवा, मग चाकांचे नट, पातळ्या आणि गळती पुन्हा बघून घ्या. गणपतीला निघायचं असेल तर सर्व्हिस निदान तीन आठवडे आधी संपली पाहिजे. श्रावण संपत आला की गॅरेजमध्ये रांग लागते आणि मिस्त्रीसुद्धा शेवटी गावाला जातात.

१०. पुढचं वेळापत्रक लिहून ठेवा

एक साधी वही किंवा मोबाइलमधला तक्ता पुरतो. चार रकाने: काम, तारीख, मीटरवरचे किलोमीटर, पुढच्या वेळी कधी. पुढच्या वेळीच्या रकान्यात किलोमीटर आणि महिना दोन्ही लिहा. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण गॅरेजच्या बिलांवरची शाई लवकर पुसट होते. ही वही तुम्ही गाडी विकाल तेव्हा भावात दिसते.

आणि नवा फिल्टर बसवताना त्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, मिस्त्रींनी नाही लिहिलं तर स्वतः. माझ्या डिझेल फिल्टरवर आता दोन आकडे आहेत: वर मीटरवरचा, आणि खाली कंसात, खरा असावा असा.